पाटे बदलायचे, वाढवायचे की गाडीच मोठी घ्यायची? हंगामाआधी ठरवा

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांची खांदेमळणी करतो. ज्या खांद्यानं वर्षभर ओझं ओढलं त्याला हळद-तूप चोळायचं, ही आपली जुनी रीत. आता गावोगावी मालाची ने-आण पिकअपवर आली आहे. चिखली-मेहकरचं सोयाबीन असो, खामगावच्या बाजारात जाणारा कापूस असो की संग्रामपूर-जळगाव जामोदकडची संत्री, सगळं याच गाडीत जातं. पण गाडीच्या खांद्याकडे कोण पाहतं? गाडीचा खांदा म्हणजे तिचे पाटे. ते मुकाट सोसतात आणि मोडतात ते नेमके भरल्या गाडीत, भर हंगामात. म्हणून सोयाबीनची सोंगणी सुरू होण्याआधी, दसऱ्याच्या आत, एक दिवस गाडीसाठी काढा.

पाटे वेगळे, शॉकअप वेगळे

गाडी मागून बसली की बरेच जण शॉकअप बदलून आणतात आणि गाडी तशीच बसलेली राहते. याचं कारण समजून घ्या. ओझं उचलतात ते पाटे. शॉकअप ओझं उचलत नाही. खड्ड्यातून गेल्यावर गाडी वर-खाली झुलत राहू नये म्हणून तो झोका आवरतो. म्हणून गाडी खाली बसली असेल तर आधी पाटे पाहा, आणि गतिरोधकावरून गेल्यावर दोन-तीनदा उसळत असेल तर आधी शॉकअप पाहा.

घरच्या घरी तपासणी

गाडी रिकामी करून सपाट जागेवर उभी करा. हाती टेप, बॅटरी आणि वही एवढं पुरे.

१) मागच्या चाकाच्या मध्यापासून वर बॉडीपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा आणि तारीख घालून लिहून ठेवा. एक बाजू बोटभर खाली असेल तर त्या बाजूचे पाटे बसले असण्याचा संभव आहे. पुढच्या वर्षी हाच आकडा कामी येतो.

२) पाट्यांची कमान पाहा. रिकाम्या गाडीतही पाटे सपाट किंवा उलटे वाकलेले दिसले तर त्यांचा दम संपला आहे.

३) पाटे पुसून बॅटरीनं एकेक पान पाहा. आडवी बारीक भेग, गंजाची आडवी रेघ, पान बाजूला सरकलेलं, यातलं काहीही दिसलं तर गाडी भरू नका.

४) यू-बोल्ट ढिले आहेत का, सेंटर बोल्ट शाबूत आहे का, हे मिस्त्रीकडून पाहून घ्या. सेंटर बोल्ट तुटला की एक्सल जागचा सरकतो आणि गाडी तिरकी चालते.

५) कच्च्या रस्त्यानं खट्-खट् आवाज येत असेल तर बुश आणि शॅकल पिन पाहा. हे काम स्वस्तातलं आहे. टाळलं तर महाग पडतं.

६) शॉकअपवर तेल ओघळलेलं आहे का, टायर ठिकठिकाणी खड्डे पडल्यासारखा झिजला आहे का, हेही पाहा.

काय बदलावं?

पाटे फारसे जुने नसतील आणि एखादंच पान तुटलं असेल तर तेवढंच बदललं तरी चालतं. पण बरीच पानं बसली असतील तर पूर्ण संच घ्या, आणि दोन्ही बाजूंचा घ्या. एका बाजूला नवे आणि दुसऱ्या बाजूला थकलेले पाटे म्हणजे एक तगडा आणि एक म्हातारा बैल एका बंडीला जुंपण्यासारखं आहे. शॉकअपही जोडीनंच बदला.

जुने पाटे तापवून, ठोकून कमान चढवून मिळते. त्यावर हंगाम निघेल अशी आशा धरू नका. पाट्याच्या पोलादाला कारखान्यात दिलेलं पाणी गावच्या भट्टीत उतरतं आणि पाटा पुन्हा बसतो. तुटलेल्या पानाला वेल्डिंग तर कधीच करू नका. नवे पाटे बसवल्यावर दोन-चार भरल्या खेपांनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या.

एकाच बाजूचा पाटा एका हंगामात दोनदा तुटला तर दोष पाट्याचा नाही. माल एका बाजूला जास्त भरला जातो का, हँगर झिजला आहे का, की मुळात भारच जास्त होतो, ते शोधा.

"दोन पाटे चढवून घेतो, मंग काही टेन्शन नाही"

हे वाक्य गॅरेजवर नेहमी ऐकू येतं. इथं नीट विचार करा. पाटे वाढवले की गाडी खाली बसत नाही, पण वजन काही नाहीसं होत नाही. ते एक्सलवर, चेसिसवर, टायरवर आणि ब्रेकवर तसंच राहतं. आधी गाडी बसून इशारा देत होती, तो इशारा तेवढा बंद होतो. बुलढाण्याहून मलकापूरकडे जाताना राजूर घाट उतरावा लागतो. तिथं गाडी थांबवतात ते ब्रेक, पाटे नव्हे.

दुसरं म्हणजे, कडक पाट्यांची गाडी अर्धी भरलेली असली की जास्त आदळते. टोमॅटो, संत्री, केळी यांना हा मार लागतो आणि भाव बाजारात पडतो. फळ-भाजीवाल्यानं पाटे वाढवण्याऐवजी चांगले शॉकअप, टायरमध्ये बरोबर हवा आणि क्रेटची घट्ट थप्पी यावर पैसा घालावा.

तिसरं, पाटे वाढवल्यानं आरसी पुस्तकातली क्षमता वाढत नाही. कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. माल आरसीच्या मर्यादेत असेल, पण रोजच पूर्ण भार आणि खराब रस्ता असेल, तर कंपनीनं त्याच मॉडेलसाठी मान्य केलेला मजबूत संच मिळतो का ते विचारा. पाटे सुधारायचे तर या वाटेनं.

आधी वजन, मग निर्णय

आरसीवर एकूण वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन लिहिलेलं असतं. पहिल्यातून दुसरं वजा केलं की गाडीत किती भरता येतं ते कळतं. यात ड्रायव्हर आणि सोबतची माणसंही आली. गाडी नेहमीसारखी भरून काट्यावर उभी करा आणि पावती जपून ठेवा. अंदाजावर जाऊ नका. युरियाची गोणी ४५ किलोची, सिमेंटची ५० किलोची. सोयाबीनचं पोतं मात्र ज्याच्या त्याच्या भरण्यावर. कापूस वजनाला हलका, पण उंच रचला की वळणावर गाडी कलते.

आता हिशेब करू. समजा, गाडीची क्षमता १३ क्विंटल आणि माल ३९ क्विंटल आहे. नियमानं तीन खेपा होतात. साडेएकोणीस क्विंटल भरून दोन खेपांत काम उरकलं, तर बाजार २० किलोमीटरवर असताना वाचलं काय? तीन-साडेतीन लिटर डिझेल आणि दोन तास. त्यापायी पाटा तुटला तर पाट्याचे पैसे, मजुरी, दुसऱ्या गाडीचं भाडं आणि बाजाराचा दिवस, सगळं गेलं. शिवाय पकडले गेलात तर कलम १९४ मध्ये २० हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जास्तीच्या टनाला २ हजार रुपये अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीनं आली आहे. एवढंच नव्हे, पोलादाला दीडपट भार दिला तर त्याचं आयुष्य दीडपटीनं नाही, कितीतरी पटीनं घटतं.

हंगामातल्या निम्म्याहून जास्त पावत्या मर्यादेबाहेरच्या निघाल्या, तर तुमची गरज पाट्यांची नाही, मोठ्या गाडीची आहे, किंवा जास्त खेपांची. चेसिसला भेग गेली असेल तर पाट्यांवर खर्च करण्याआधी ती जाणकाराला दाखवा. फिटनेसची तारीखही बघून घ्या. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत फिटनेस दोन-दोन वर्षांचं मिळतं, त्यानंतर दरवर्षी करावं लागतं. मोठा खर्च त्या तारखेच्या आधीच केलेला बरा.

सरपंच, पोलीस पाटील आणि ग्रामपंचायतीसाठी

कापूस वेचणीला जाणाऱ्या बाया आणि लग्नाचं वऱ्हाड मालाच्या पिकअपमध्ये उभं करून नेलं जातं. पोतं तळाशी पडून राहतं. उभ्या माणसांचं ओझं वर असतं आणि वळणावर एका बाजूला झुकतं. पाटे बसलेली, शॉकअप गेलेली गाडी अशा वेळी सावरत नाही. मालाच्या गाडीत माणसं नेणं नियमात बसत नाही, हे ग्रामसभेत स्पष्ट सांगा आणि मजुरांसाठी प्रवासी वाहन ठरवून द्या.

गावातले पाटे सर्वांत जास्त मोडतात ते पाणंद रस्त्यावर. काळ्या जमिनीत पावसाळ्यात चाकोऱ्या पडतात आणि त्या तशाच वाळतात. मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना २०२१ मध्ये आली. आपल्या गावचे कोणते रस्ते तिच्यात घेतले, कोणते राहिले, याची यादी काढा. रस्ता होईल तेव्हा होईल; निदान सोंगणीआधी नाल्या मोकळ्या करून चाकोऱ्यांत मुरूम टाकून घेणं ग्रामपंचायतीच्या हातात आहे.

शेतकरी गटाची सामाईक गाडी असेल तर तिची वही ठेवा. खेप, वजन, किलोमीटर, दुरुस्ती, सगळं तारखेनिशी लिहा. सर्वांची गाडी म्हणजे कोणाचीच नाही, असं होऊ देऊ नका.

या आठवड्यात एवढं करा: उंची मोजा, पाटे पुसून पाहा, भरली गाडी काट्यावर न्या आणि दोन ठिकाणचे दुरुस्तीचे अंदाज लेखी घ्या. मग पाटे घ्यायचे की गाडी, हे तुमची वहीच सांगेल.