संशयास्पद लॉगिन प्रयत्न

संशयास्पद लॉगिन प्रयत्न म्हणजे खातेदाराव्यतिरिक्त अन्य कोणी ऑनलाइन खात्यात प्रवेश करू पाहत असल्याची शक्यता दर्शवणारी घटना होय. अनोळखी उपकरण, नेहमीपेक्षा वेगळे ठिकाण किंवा वारंवार चुकलेला पासवर्ड आढळल्यास सेवा पुरवणारी यंत्रणा खातेदाराला सूचना पाठवते. व्यावसायिक खात्यात ग्राहकांची माहिती व आर्थिक व्यवहार एकत्र असल्याने अशा सूचनेला विशेष महत्त्व असते.

कारणे

एका संकेतस्थळावरून चोरीला गेलेले पासवर्ड अन्य संकेतस्थळांवर संगणकीय प्रणालीद्वारे वापरून पाहिले जातात. त्यामुळे अनेक ठिकाणी एकच पासवर्ड ठेवणे धोक्याचे ठरते. मात्र प्रत्येक सूचना हल्ल्याचीच निदर्शक नसते. नवा फोन किंवा प्रवासात असलेला सहकारी हेही तिचे कारण असू शकते.

सूचनेची पडताळणी

पासवर्ड काढून घेण्यासाठी बनावट सूचनाही पाठवल्या जातात. या प्रकारास फिशिंग म्हणतात. म्हणून संदेशातील दुव्यावर न जाता अधिकृत ॲप उघडून किंवा संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करून खात्यातील लॉगिनची नोंद तपासावी.

करावयाची कार्यवाही

प्रयत्न फसला असल्यास पासवर्ड बदलणे आणि द्विस्तरीय पडताळणी सुरू करणे बहुधा पुरेसे असते. प्रवेश झालेला असल्यास केवळ पासवर्ड बदलून भागत नाही. घुसखोराचे आधीचे लॉगिन चालू राहू शकते. शिवाय त्याने खाते परत मिळवण्यासाठी स्वतःचा दूरध्वनी क्रमांक जोडलेला असू शकतो किंवा येणारी ईमेल आपल्याकडे वळवलेली असू शकतात. त्यामुळे सर्व उपकरणांवरील लॉगिन बंद करून हे बदल शोधून काढून टाकावे लागतात. खात्याशी जोडलेला ईमेलही त्याच वेळी सुरक्षित करावा लागतो, कारण नवा पासवर्ड मिळवण्याचा मार्ग तेथूनच जातो.

व्यवसायातील दक्षता

मालक, हिशेबनीस व कर्मचारी एकच पासवर्ड वापरत असतील, तर प्रवेश कोणी केला हे नोंदीवरून ठरवता येत नाही. यासाठी प्रत्येकास स्वतंत्र लॉगिन व कामापुरतेच अधिकार दिले जातात. नोकरी सोडणाऱ्याचा प्रवेश त्याच दिवशी बंद करणे इष्ट असते. ओटीपी कोणत्याही कारणाने दुसऱ्यास सांगू नये.

भारतातील तरतुदी

दुसऱ्याचा पासवर्ड कपटाने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६-सी अन्वये गुन्हा असून, त्यासाठी ३ वर्षांपर्यंत कारावास आणि १ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आर्थिक फसवणूक झाल्यास बँकेला कळवून १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. रक्कम पुढील खात्यांत वळवली जाण्यापूर्वी तक्रार पोहोचल्यास ती गोठवली जाण्याची शक्यता वाढते. तक्रारीसाठी सूचनेचा संदेश, लॉगिनची वेळ व व्यवहारांचा तपशील जतन करून ठेवावा.