मॅट्रिक्स परिवर्तक : प्रवाह-हस्तांतरणाच्या चार पायऱ्या

आपल्या देशात वीज ५० हर्ट्‌झ या ठराविक वारंवारतेने पुरविली जाते. पंप, पंखे व उद्वाहने चालविणाऱ्या प्रत्यावर्ती प्रवाहाच्या मोटारींचा वेग याच वारंवारतेवर अवलंबून असतो. चार ध्रुवांच्या मोटारीतील चुंबकीय क्षेत्र मिनिटाला १,५०० फेरे घेते आणि सर्वसाधारण मोटार त्याच्या किंचित मागे राहून फिरते. हा वेग हवा तसा बदलावयाचा, तर वारंवारताच बदलावी लागते. ते कार्य परिवर्तक करतो.

रूढ पद्धतीत प्रत्यावर्ती प्रवाहाचे प्रथम एकदिश प्रवाहात रूपांतर करतात व त्यातून हव्या त्या वारंवारतेचा प्रत्यावर्ती प्रवाह पुन्हा घडवितात. मध्ये ऊर्जा साठविण्यासाठी मोठा कपॅसिटर, म्हणजे धारित्र, लागते. ते जागा व्यापते आणि उष्णतेने त्याचे आयुष्य घटते. मॅट्रिक्स परिवर्तक हा मधला टप्पाच वगळतो. येणाऱ्या तीन फेज आणि मोटारीकडे जाणाऱ्या तीन तारा यांच्या प्रत्येक जोडीस एक, असे नऊ इलेक्ट्रॉनिक स्विच त्यात असतात. त्यांच्या सेकंदाला हजारो वेळा होणाऱ्या चालू-बंद क्रियेतून नवी वारंवारता साकार होते. इटलीच्या व्हेंतुरिनी व आलेसिना या संशोधकांनी १९८० च्या सुमारास या पद्धतीचा गणिती पाया घातला. उतरत्या उद्वाहनातून मिळणारी ऊर्जा या मार्गाने वीजपुरवठ्याकडे परतही पाठविता येते.

दुहेरी संकट

मग अशी यंत्रे सर्वत्र का दिसत नाहीत? यातील मुख्य अडचण होती ती कॉम्युटेशनची. म्हणजे वाहता प्रवाह एका स्विचकडून दुसऱ्याकडे सोपविण्याची. एकाच तारेवरील दोन स्विच क्षणभर जरी एकदम चालू राहिले, तरी दोन फेज परस्परांना जोडल्या जाऊन शॉर्ट सर्किट होते. उलट दोन्ही बंद राहिले, तर मोटारीच्या वेटोळ्यांतील प्रवाहाला मार्गच उरत नाही. वेटोळे प्रवाह तुटण्यास विरोध करते. त्यामुळे प्रचंड दाब निर्माण होऊन स्विच निकामी होतो. रूढ परिवर्तकात अशा वेळी डायोड आपोआप वाट करून देतात; येथे ती सोय नाही.

दोन स्विचांच्या क्रियेत मुद्दाम अंतर ठेवणे, किंवा मुद्दाम थोडा काळ दोन्ही चालू ठेवणे, हे दोन सोपे उपाय होत. परंतु पहिल्यात वाढलेला दाब शोषणारी मंडले लागतात व ऊर्जा वाया जाते. दुसऱ्यात प्रवाह आवरणारी जादा वेटोळी बसवावी लागतात.

उपाय

यावरचा मार्ग स्विचच्या रचनेतच सापडतो. प्रत्येक स्विचमध्ये दोन ट्रान्झिस्टर असतात व प्रत्येक जण एकाच दिशेने प्रवाह नेतो. समजा, पहिल्या फेजकडून मोटारीकडे वाहणारा प्रवाह दुसऱ्या फेजवर न्यावयाचा आहे. प्रथम, जुन्या स्विचमधील काम न करणारा ट्रान्झिस्टर बंद करतात. दुसरे, नव्या स्विचमधील मोटारीच्या दिशेचा ट्रान्झिस्टर चालू करतात. तिसरे, जुन्या स्विचमधील प्रवाह नेणारा ट्रान्झिस्टर बंद करतात. चौथे, नव्या स्विचमधील उरलेला ट्रान्झिस्टर चालू करतात. दुसऱ्या पायरीवर दोन्ही वाटा खुल्या असल्या, तरी त्या मोटारीकडेच जाणाऱ्या आहेत; म्हणून एका फेजचा प्रवाह दुसरीत उलटा शिरू शकत नाही. प्रवाहाचा मार्गही कोठे खंडित होत नाही. बुरानी यांनी १९८९ मध्ये मांडलेली ही पद्धत काही मायक्रोसेकंदांत पूर्ण होते.

मर्यादा

यासाठी प्रवाहाची दिशा अचूक कळावी लागते. प्रवाह शून्याजवळ असताना ती संदिग्ध होते. पर्यायी पद्धतीत कोणत्या फेजचा दाब अधिक आहे यावरून पायऱ्यांचा क्रम ठरवितात. पण दोन दाब जवळजवळ समान झाले की तीही अडखळते. म्हणून कित्येक ठिकाणी दोहोंचा मेळ घालतात. शिवाय अकस्मात यंत्र बंद पडल्यास वेटोळ्यांतील ऊर्जा सामावून घेण्यासाठी डायोड व लहान धारित्र यांचे संरक्षक मंडल ठेवतात.

ट्रान्झिस्टर अठरा लागतात, बाहेर पडणारा दाब आत येणाऱ्या दाबाच्या सुमारे ८६.६ टक्क्यांपुढे विकृतीवाचून जात नाही आणि वीज क्षणभर गेल्यास साठा हाताशी नसतो. तेव्हा रूढ परिवर्तकाची जागा हे साधन सरसकट घेईल असे नाही. तथापि जेथे जागा थोडी आहे व ऊर्जा परत मिळविणे लाभाचे आहे, तेथे त्याची उपयुक्तता निश्चित आहे. आणि ती या चार लहानशा पायऱ्यांच्या बिनचूक क्रमावर उभी आहे.