सदोष औषधमिश्रण यंत्रांची परतमागणी
तोंडावाटे अन्न घेऊ न शकणाऱ्या रुग्णांना शिरेतून द्यावयाचा पोषणद्राव अमेरिकेतील अनेक रुग्णालयांत स्वयंचलित यंत्रांवर तयार होतो. त्यातील कॅल्शियम व फॉस्फेट यांचे मिश्रण बिघडल्यास साका धरतो व तो फुप्फुसांतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकू शकतो. अशा साक्याशी निगडित दोन मृत्यूंनंतर १९९४ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने इशारा प्रसृत केला.

यंत्रातच धोकादायक दोष आढळल्यास उत्पादक ते परत मागवितो किंवा जागेवर दुरुस्त करतो; त्याची खबर १० कामकाजी दिवसांत प्रशासनास द्यावी लागते. मृत्यू वा गंभीर इजेचा संभव असलेली परतमागणी पहिल्या वर्गात गणली जाते. भारतातही वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ मध्ये परतमागणीची तरतूद आहे. मात्र सूचना दप्तरी पडून न राहता यंत्र चालविणाऱ्याच्या हाती पोहोचली, तरच तिचा उपयोग.