घारीचा घास आणि विमानाचे इंजिन

विमानाच्या इंजिनाच्या तोंडावर जाळी का लावत नाहीत, असा प्रश्न आमच्या वर्गातल्या एका मुलाने विचारला. त्याची दादी हजला निघाली होती.

जाळीने हवा अडते, तिच्यावर बर्फ साचते आणि वेगात आदळलेल्या पक्ष्याने ती तुटली तर जाळीचेच तुकडे आत जातात. म्हणून इंजिन बनवणारे चालत्या इंजिनात मेलेले पक्षी तोफेसारख्या नळीतून मारून चाचणी घेतात. मोठ्या पक्ष्याने इंजिन बंद पडले तरी चालते, पण पाती फुटून बाहेर उडता कामा नयेत. विमान उरलेल्या इंजिनावर उतरू शकते. 19 जून 2022 रोजी पाटण्याहून उडताच एका विमानाला पक्षी धडकला. वैमानिकांनी एक इंजिन बंद केले आणि 185 प्रवाशांना सुखरूप परत उतरवले. न्यूयॉर्कला 15 जानेवारी 2009 रोजी मात्र रानहंसांच्या थव्याने दोन्ही इंजिने निकामी केली. विमान हडसन नदीत उतरवावे लागले. अल्लाहच्या कृपेने सर्व 155 जण वाचले.

तेव्हा खरा बंदोबस्त जमिनीवरच. विमानतळावर गवत कापतात, पाणी साचू देत नाहीत, फटाक्यांसारखे आवाज काढून पक्षी उडवतात. पण भिंतीबाहेर खाणे पडले असेल तर घारी घिरट्या घालणारच! 1937 च्या विमान नियमांतील 91 व्या नियमाने विमानतळापासून 10 किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय जनावर कापायला आणि पक्षी जमतील असा कचरा टाकायला मनाई आहे. वर्गात आम्ही मुंबईच्या नकाशावर कंपासने तेवढे वर्तुळ काढले. कुर्ला, वांद्रे, जोगेश्वरी, सगळे आत आले.

बकरी ईदच्या आधी याबाबत आवाहन निघाले की आपल्यापैकी काहींना ते आपल्यालाच उद्देशून वाटते. पूर्वी आम्हालाही वाटे. पण नियम हॉटेलांना आणि मासळीच्या दुकानांनाही आहे. कुर्बानी ठरवून दिलेल्या जागी करावी, आतडी पिशवीत घट्ट बांधून त्याच दिवशी पालिकेच्या गाडीत द्यावीत, एवढेच.

सदक्याचे जरा अवघड आहे. जुन्या दिल्लीत घारींना मांस भिरकावतात, तसे त्या मुलाची दादीही गच्चीवरून टाकते. नातवाने नकाशा दाखवला तेव्हा तिने आम्हाला निरोप धाडला, "सरांना विचार, मग घारींनी खायचे काय?"

आम्ही उलट निरोप दिला, "उंदीर."