परदेशातील स्पॅनिशचा अभ्यास आणि मराठीची शिदोरी

वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे १९२४ मध्ये मेक्सिकोत गेले व पुढे चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात प्राध्यापक झाले. तेथे अध्यापन करावयाचे म्हणजे स्पॅनिश आत्मसात करणे क्रमप्राप्तच होते. आज नाशिकहून स्पेनमध्ये शिकावयास जाणारा विद्यार्थी ही भाषा बहुधा इंग्रजीच्या द्वारे शिकतो, आणि तेथेच त्याची वाट लांबते.

वस्तुतः पुष्कळ बाबतींत मराठीच स्पॅनिशला अधिक जवळची आहे. स्पॅनिशमधील 'त' व 'द' हे दंत्य वर्ण होत. इंग्रजीच्या वळणाने त्यांचे 'ट', 'ड' करण्याचे कारण नाही. 'मे गुस्तान लोस मांगोस' म्हणजे 'मला आंबे आवडतात'. दोन्हीकडे क्रियापद आंब्यांच्या वचनानुसार चालते आणि अनुभव घेणारा चतुर्थीत राहतो. इंग्रजीत मात्र तोच कर्ता होतो.

जेथे मराठीची सोबत सुटते, तेथे परदेशातील वास्तव्य कारणी लावावे. 'एस आबुर्रिदो' म्हणजे 'तो कंटाळवाणा आहे'. 'एस्ता आबुर्रिदो' म्हणजे 'तो कंटाळलेला आहे'. मराठी हा भेद विशेषण बदलून दाखविते. स्पॅनिश विशेषण तेच ठेवून 'असणे' या अर्थाचे क्रियापद बदलते. या दोन क्रियापदांतील निवड केवळ नियम पाठ करून साधत नाही. घरमालकीण, दुकानदार व सहाध्यायी यांच्याशी नित्य बोलून आणि चुका सुधारून घेऊनच ती अंगवळणी पडते. स्वदेशीयांच्या घोळक्यातच वावरणाऱ्यास हा लाभ क्वचितच घडतो.