मुक्काम पोस्ट पनवेल, भाडं रात्रीचं

घरं मुक्कामापुरती भाड्यानं मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीचा जगातला पहिला पाहुणा कोण, ठाऊक आहे? अमोल सुर्वे! आडनाव वाचून कॉलर ताठ झाली असेल तर होऊ द्या. ऑक्टोबर २००७. सॅन फ्रान्सिस्कोत डिझायनर मंडळींची परिषद, हॉटेलं भरलेली, आणि घरभाड्याची चिंता पडलेले दोन रूम पार्टनर. त्यांनी स्वतःच्याच घरात हवा भरायच्या तीन गाद्या टाकल्या आणि रात्रीला ८० डॉलर दर लावला. ॲरिझोनात शिकलेला आपला सुर्वे तिथे सर्वांत आधी टेकला. पुढच्याच वर्षी कंपनी कडकी सोसत होती, तेव्हा याच मालकांनी ओबामा आणि मॅकेन यांच्या नावांची नाश्त्याची खोकी ४० डॉलरला एक अशी विकून ३० हजारांच्या आसपास डॉलर उभे केले. गादी आणि न्याहारी, एवढ्या भांडवलावर जगभर पसरलेला हा धंदा.

पनवेलला तो नवा नाही. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला, तेव्हा मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस नावेनं पनवेल बंदरात उतरायचा आणि मग घाटाकडे वळायचा. म्हणजे हे मूळचंच उतरण्याचं गाव. २५ ऑगस्ट १८५२ ला इथे नगरपालिका आली, तीही इतक्या लवकर की महाराष्ट्रातली पहिली म्हणून पनवेलकर आजही मिरवतात. पण १८६३ मध्ये रेल्वेनं कर्जतमार्गे घाट सर केला आणि वाटसरू परस्पर पुण्याला जाऊ लागला. गेलेलं गिऱ्हाईक परत यायला बराच काळ लागला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कळंबोलीपासून सुरू झाला, अटल सेतूचं १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालं, आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तालुक्यातल्याच नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमानं उडू लागली.

सलमानचा साप

पनवेलमध्ये घर भाड्यानं द्यायचं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे फार्महाऊस येतं. दोष सलमान खानचा! त्याचं वाजे गावाजवळचं फार्महाऊस देशभर ठाऊक आहे. डिसेंबर २०२१ मध्ये, वाढदिवसाच्या तोंडावर, तिथे त्याला साप चावला. बिनविषारी निघाला, थोडक्यात निभावलं. तेव्हा फार्महाऊस काढणाऱ्यानं वायफायचा पासवर्ड लिहिताना शेजारी सर्पमित्राचा नंबरही लिहावा. आणि स्विमिंग पूल बांधण्याआधी पाण्याचा विचार करावा. जुन्या पनवेलची तहान पालिकेचं देहरंग धरण भागवतं, पण उन्हाळा आला की टंचाईच्या बातम्या ठरलेल्या. टँकरनं पूल भरायचा आणि वर डीजेवरून शेजाऱ्यांशी भांडायचं, हा धंदा शनिवार-रविवारचा. सोमवारी गिऱ्हाईक शोधावं लागतं.

आमचं मत विचाराल तर पनवेलचा खरा पाहुणा देखावा बघायला येत नाही, त्याला काम असतं. खारघरच्या टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेकमध्ये कर्करोगावर उपचार घेणाऱ्या रुग्णाच्या नातेवाइकाला पूल नको असतो. त्याला गॅस, कुकर आणि लिफ्ट हवी असते. खारघरच्याच निफ्टमध्ये मुलीला सोडायला आलेल्या आईबाबांना दोन रात्री हव्या असतात. पहाटेच्या विमानाचा प्रवासी, पनवेलहून कोकणची गाडी पकडणारा चाकरमानी, तळोजा एमआयडीसीत मशीन बसवायला आलेला इंजिनिअर, ही सगळी आडदिवसाची गिऱ्हाइकं. आणि अधूनमधून लॉटरी! नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम पनवेलच्याच हार्बर लाइनवर. जानेवारी २०२५ मध्ये तिथे कोल्डप्लेनं तीन रात्री गाजवल्या, २ नोव्हेंबरला भारताच्या मुलींनी तिथेच दक्षिण आफ्रिकेला हरवून पहिल्यांदा विश्वचषक उचलला. अशा तारखांना साधा वन बीएचकेही भाव खातो.

बिनरस्त्याचा होमस्टे

तालुक्यातले सगळ्यात पक्के यजमान मात्र फ्लॅटवाले नाहीत. ते प्रबळमाचीत आहेत. कलावंतीण दुर्ग आणि प्रबळगड चढणारे ट्रेकर ठाकूरवाडीपर्यंत गाडी आणतात, पुढे पायवाट. वर वाडीतली आदिवासी कुटुंबं तंबू देतात, घरात झोपायला जागा देतात, पिठलं-भाकरी खिलवतात. गॅस सिलिंडरपासून पाण्याच्या बाटलीपर्यंत सगळं चढवून न्यायचं. तरीही शनिवारी तिथे गर्दी असते.

पाहुणा आला, कागद काढा

केंद्र सरकारच्या ‘अतुल्य भारत’ होमस्टे योजनेत १ ते ६ खोल्या चालतात, खाटा जास्तीत जास्त १२. वर्ग दोनच: सोनं आणि चांदी. पण खरी मेख पुढे आहे. मालकानं कुटुंबासह त्याच घरात राहायला हवं! गुंतवणूक म्हणून घेऊन कुलूप लावून ठेवलेला नवीन पनवेलमधला दुसरा फ्लॅट त्यात बसत नाही.

परदेशी पाहुणा उतरला तर २४ तासांत ऑनलाइन नोंद करून सरकारला कळवायचं. हे घरमालकालाही लागू, फक्त पंचतारांकितांना नाही.

जीएसटी भरण्याइतकी तुमची उलाढाल नसली, तरी ॲपवरून आलेल्या मुक्कामावरचा कर ॲपवाल्या कंपनीलाच भरावा लागतो. म्हणून मिळालेल्या रकमेचा हिशेब नीट वाचा.

घर भाड्यानं दिलं की सोसायटी लावते ते बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त लावता येत नाही, असा राज्य सरकारचा २००१ चा आदेश आहे. तो दाखवून सेक्रेटरीशी भांडू नका मात्र. दर दोन दिवसांनी नवे चेहरे लिफ्टमध्ये दिसू लागले की कमिटीचं मत शुल्कावर थांबत नाही. आधी पेढे, मग लेखी परवानगी, हाच क्रम बरा.

बायकांसाठी एक चांगली बातमी. राज्याच्या २०२३ च्या ‘आई’ पर्यटन धोरणात महिला उद्योजकांच्या १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर १२ टक्क्यांच्या मर्यादेत व्याजाचा परतावा ठेवला आहे. घर सजवायला कर्ज काढायचंच असेल तर ते कुणाच्या नावावर काढावं, हे आता नवरोबांना वेगळं सांगायला नको.

हंगाम पोपटीचा

रायगडातल्या यजमानाकडे एक हुकमी पान आहे, पोपटी; ते गोव्यातल्या व्हिलावाल्याकडे नाही. थंडीत वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, वाटल्यास कोंबडी आणि अंडी मडक्यात भरायची. तळाला आणि तोंडाला भांबुर्ड्याचा पाला. मडकं पालथं घालून भोवती जाळ. तेल नाही, पाणी नाही, तरी मुंबईचा पाहुणा बोटं चाटतो आणि पाच तारे देऊन जातो. आमच्या मते सोफासेट बदलण्याऐवजी दोन मडकी घ्यावीत. फक्त हे काम अंगणात, सातव्या मजल्याच्या बाल्कनीत नव्हे.

आणि एक विनंती. जाहिरातीत ‘विमानतळापासून दहा मिनिटं’ असं लिहिण्याआधी एकदा संध्याकाळी सात वाजता कळंबोली सर्कलमधून स्वतः गाडी काढून बघा.