गाडीला फिल्म लावण्यापूर्वी

आपल्या वसई-विरारच्या पश्चिमेला समुद्र आहे आणि पूर्वेला डोंगर. समुद्राकडून खारा वारा येतो. डोंगराच्या बाजूने मुंबई-अहमदाबाद महामार्ग जातो. त्या रस्त्यावर खडीचे डंपर धावतात. डंपरमधून खडा उडतो आणि मागच्या गाडीवर टणकन आदळतो.

या दोहोंच्या मध्ये आपल्या गाड्या फिरतात. कोणाचा टेम्पो अर्नाळ्याची मासळी नेतो. कोणाचा छोटा हत्ती पहाटे फुले आणि भाजी घेऊन मुंबईची वाट धरतो. कोणाची रिक्षा स्टेशनवर उभी असते. अशी गाडी ही काही हौस नव्हे. ते घरचे दुभते जनावर आहे. बहुतेकांनी ती कर्ज काढून घेतलेली असते. ती बसली की घरची चूलही थंड होते.

तेव्हा गाडी जपावी असे वाटणे साहजिक आहे. आता रस्तोरस्ती दुकाने निघाली आहेत. दुकानदार म्हणतो, "फिल्म लावून घ्या. गाडी नवीच्या नवी राहील." काही जण लावतात आणि खूष होतात. काही जण लावतात आणि दोन वर्षांनी कपाळाला हात लावतात. असे का होते? ते आज समजून घेऊ.

गाडीचे दोन शत्रू

एक शत्रू खडा. तो रंगावर आपटतो आणि रंगाचा टवका काढतो. दुसरा शत्रू मीठ. ते वाऱ्याबरोबर येते, मासळीच्या पाण्याबरोबर येते.

लोखंडाला पाणी आणि हवा मिळाली की गंज चढतो. त्या पाण्यात मीठ असले तर गंज फार वेगाने चढतो. म्हणून किनाऱ्यावरच्या गाडीचा पत्रा घाटावरच्या गाडीच्या आधी सडतो. पण हा गंज सुरू कुठे होतो, ते नीट पाहा. तो बॉनेटच्या मधोमध क्वचितच सुरू होतो. तो सुरू होतो गाडीच्या तळाला, मडगार्डच्या आत, दाराच्या खालच्या कडेला, पत्र्याच्या जोडात आणि हौद्यात. म्हणजे जिथे आपली नजर जात नाही तिथे.

आणि फिल्म लागते कुठे? जिथे नजर जाते तिथे! दुखणे म्हशीला आणि औषध पखालीला, असे आपण म्हणतो ना? त्यातला प्रकार.

फिल्म खड्याला अडवते. फिल्मखाली रंग शाबूत असेल तर तेवढी जागा खाऱ्या वाऱ्यापासूनही वाचते. पण तळाच्या आणि जोडांच्या गंजावर तिचा काही उपाय चालत नाही. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर पुष्कळ पैसे वाचतील.

फिल्म किती प्रकारची?

बाहेरून सगळ्या फिल्म सारख्याच दिसतात. पण त्यांत मुख्य दोन जाती आहेत.

पहिली जात व्हिनाइलची. हे एक प्लास्टिक आहे. त्याचे पूर्ण नाव पॉलिव्हिनाइल क्लोराइड. पाण्याच्या पांढऱ्या नळांना आपण पी.व्ही.सी. म्हणतो, तेच हे. ते मुळात कडक असते. १९२६ मध्ये अमेरिकेत वाल्डो सेमन नावाच्या रसायनतज्ज्ञाने ते मऊ करण्याची युक्ती शोधली. म्हणून आज त्याचा पातळ कागदासारखा ताव निघतो. व्हिनाइलची फिल्म रंगीत असते. तिने गाडीचा रंग बदलता येतो. दुकानाचे नाव किंवा जाहिरातही तिच्यावर छापता येते. उन्हापासून आणि बारीक ओरखड्यांपासून ती रंगाला थोडेफार वाचवते. खड्याच्या माऱ्यापुढे मात्र ती फारशी टिकत नाही.

व्हिनाइलमध्येही दोन पोटजाती आहेत. एक लाटलेली. पोळी लाटावी तसे प्लास्टिक रुळांमधून दाबून तिचा ताव काढतात. दुसरी ओतीव. घावनाचे पीठ तव्यावर पसरावे तसे पातळ प्लास्टिक पसरून ते भट्टीत भाजतात. लाटलेली फिल्म ताणलेली असते. ऊन लागले की ती पुन्हा आखडू पाहते. मग कडा उचलतात. ओतीव फिल्म आखडत नाही. गाडीच्या वळणावर ती नीट बसते आणि जास्त वर्षे टिकते. तिची किंमतही जास्त असते. सपाट हौद्यावर नाव लिहायचे असेल तर लाटलेली चालेल. गोलाईच्या भागावर ओतीव घ्यावी.

दुसरी जात पॉलियुरेथेनची. दुकानात हिला पी.पी.एफ. म्हणतात. ही बहुधा पारदर्शक असते, म्हणजे आतला रंग जसाच्या तसा दिसतो. ती रबरासारखी ताणली जाते. खडा लागला की दबते आणि मार स्वतः सोसते. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेच्या हेलिकॉप्टरांची पाती वाळूने झिजू लागली. त्यांच्यावर अशी फिल्म लावत. तिथून ती मोटारीवर आली. चांगल्या प्रतीच्या फिल्मवरचे बारीक ओरखडे उन्हाच्या उष्णतेने आपोआप भरून येतात.

जाडी किती असते, तेही पाहा. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाला मायक्रॉन म्हणतात. माणसाच्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. व्हिनाइलची फिल्म साधारण ८० ते १०० मायक्रॉन भरते, म्हणजे केसाहून थोडी जाड. पी.पी.एफ. साधारण १५० ते २०० मायक्रॉन असते. म्हणून ती खडा सोसते.

आता सावध राहण्याची जागा. काही ठिकाणी पारदर्शक व्हिनाइल पी.पी.एफ. म्हणून विकतात. ते स्वस्त पडते. पण उन्हात लवकर पिवळे आणि कडक होते. म्हणून दुकानदाराला सरळ विचारा, "दादा, ही फिल्म व्हिनाइलची की पॉलियुरेथेनची? पावतीवर तसं लिहून द्याल का?" लिहून द्यायला जो का-कू करतो, त्याच्याकडून उठावे.

आधी गाडी तपासा

जखम न धुता वर पट्टी बांधली तर जखम आत चिघळते. गंजाचेही तसेच आहे. गंजावर फिल्म लावली तर गंज थांबत नाही. आतल्या आत पत्रा खात जातो, आणि वरून गाडी चकचकीत दिसते. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते, असे म्हणतात ते खोटे नाही.

म्हणून फिल्म लावण्याआधी दिवसाउजेडी गाडीभोवती फिरा. रंगाला कुठे फोड आला आहे का? बोटाने दाबून पाहा. फोडाखाली बहुधा गंज असतो. तो काचकागदाने, म्हणजे पॉलिशपेपरने, उजळ पत्रा दिसेपर्यंत घासावा लागतो. मग प्रायमर आणि मग रंग.

गाडी जुनी विकत घेतली असेल तर आणखी एक युक्ती करा. एक लहान लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून लोखंडी पत्र्यावर फिरवा. जिथे चुंबक चिकटत नाही तिथे आत पुट्टीचा जाड थर असण्याचा संभव आहे. असा दुरुस्तीचा रंग कच्चा असेल तर फिल्म काढताना तिच्याबरोबर रंगही निघून येतो. नुकताच रंग दिला असेल तर तो पुरता वाळू द्यावा. त्याला काही आठवडे लागतात. किती, ते रंगाऱ्याला विचारावे.

पैशांचा हिशोब

दुकानदार सगळी गाडी झाकायला सांगेल. आपण पट्टी घेऊन मोजावे. समजा, टेम्पोचे तोंड ५ फूट रुंद आणि ३ फूट उंच आहे. ५ गुणिले ३, म्हणजे १५ चौरस फूट. समजा, दर चौरस फुटाला १५० रुपये पडतात. तर खर्च झाला २,२५० रुपये. सगळी गाडी १०० चौरस फूट धरली तर खर्च १५,००० रुपये. हा दर केवळ हिशोबासाठी धरला आहे. खरा दर दोन-तीन दुकानांत विचारा. कातरणीत वाया जाणारी फिल्मही दुकानदार धरतो, तेही विचारा.

खडा बहुतेक समोरूनच लागतो. मग महामार्गावर रोज जाणाऱ्याने तोंडाला आणि आरशांच्या पाठीला पी.पी.एफ. लावली तरी पुष्कळ झाले. उरलेल्या पैशातून तळाला गंजरोधक लेप द्यावा. मासळी वाहणाऱ्याने तर आधी तळ आणि हौदा पाहावा. फिल्मचा विचार मागाहून.

काम करून घेताना

फिल्म बंद जागेत लावावी. रस्त्याच्या कडेला लावली तर धूळ आत अडकते. गाडी आधी स्वच्छ धुऊन कोरडी केलेली हवी. तेल किंवा मेण राहिले तर फिल्म धरत नाही.

कारागिराला एक प्रश्न जरूर विचारा. "फिल्म गाडीवर ठेवून पात्याने कापणार, की आधीच मापात कापून आणणार?" गाडीवर पाते जोरात चालले तर रंगाला चीर पडते. ती चीर लगेच दिसत नाही. पण खारा वारा तिला बरोबर शोधून काढतो. आधी कापून आणलेली फिल्म बरी.

हमी तोंडी घेऊ नये, कागदावर घ्यावी. टप आणि बॉनेट यांच्यावर ऊन सरळ पडते. त्यामुळे तिथली फिल्म लवकर खराब होते. त्या भागांची हमी वेगळी आहे का, ते वाचून पाहा. आपल्याला आता वाचता येते. मग सहीच्या आधी वाचायला लाजायचे कशाला?

फिल्म लावल्यावर साधारण आठवडाभर गाडी धुऊ नये. पुढे धुताना पाण्याचा जोराचा फवारा कडांवर मारू नये. फिल्म जुनी झाली की वेळेवर काढून घ्यावी. फार वर्षे भाजलेली फिल्म तुकड्यातुकड्यांनी निघते आणि डिंक मागे राहतो.

कायदा काय म्हणतो?

आपल्या गाडीच्या पाटीवर एमएच ४८ असे लिहिलेले असते. तिच्या नोंदणीच्या कागदावर, म्हणजे आर.सी.वर, गाडीचा रंगही लिहिलेला असतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम असे आहे की, नोंदीत लिहिलेल्यापेक्षा गाडी वेगळी करून चालवू नये. पारदर्शक फिल्मने रंग बदलत नाही. पण पांढऱ्या गाडीला लाल फिल्म लावली तर रंग बदलला. म्हणून आधी परिवहन कार्यालयात जाऊन विचारावे आणि आर.सी.वर तशी नोंद करून घ्यावी. विमा कंपनीलाही कळवावे. रिक्षाचा रंग तर सरकारने ठरवून दिलेला असतो. त्याला हात लावू नये. नंबराची पाटी, दिवे आणि रात्री चमकणाऱ्या पट्ट्या यांच्यावर फिल्म येता कामा नये.

काचेचा नियम वेगळा आहे. पुढच्या आणि मागच्या काचेतून १०० पैकी निदान ७० भाग उजेड आरपार गेला पाहिजे. बाजूच्या काचांतून निदान ५० भाग. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काचेवर फिल्म चिकटवण्यास मनाई केली. १ एप्रिल २०२१ पासून नियमात बदल होऊन प्लास्टिकचा थर असलेल्या काचेला परवानगी मिळाली. पण उजेडाची मर्यादा तीच राहिली. गडद काळी फिल्म लावून दंड ओढवून घेऊ नये.

सर्वांत स्वस्त उपाय

फिल्म परवडत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. गोड्या पाण्याने गाडी धुणे हा मिठावरचा पहिला उपाय आहे. मासळीची फेरी झाली की हौदा त्याच दिवशी धुवावा. आठवड्यातून एकदा तळाला आणि मडगार्डच्या आत पाणी मारावे. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोके असतात. ती चिखलाने बुजली असतील तर काडीने मोकळी करावी. टवका उडाला की लगेच त्यावर प्रायमर आणि रंगाचा हात द्यावा. फिल्म लावलेल्या गाडीलाही हे चुकलेले नाही.

वर्गात बोला

१. तुमच्या गाडीचा शत्रू कोणता? खडा की मीठ?
२. गंजावर फिल्म का लावू नये?
३. तुमच्या गाडीचे तोंड किती चौरस फूट आहे? मोजून पाटीवर हिशोब करा.
४. आर.सी. काढा. तिच्यावर रंग कोणता लिहिला आहे, ते मोठ्याने वाचा.